टँकरच्या रांगेत ‘इतर’ कुठे उभे राहतात?

(द्वितीय वर्ष, सिव्हिल)

मित्रांनो, सुरुवातीलाच एक गोष्ट कबूल करते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे निबंध म्हटलं की डोक्यात आधी इंग्रजी वाक्य येतं आणि मग त्याचं मराठी शोधत बसावं लागतं. तरीही हा लेख मी हट्टानं मराठी विभागासाठी लिहिते आहे. कारण यातली माणसं आपल्याच गल्लीतली आहेत. ती मराठीत बोलतात, मराठीत टोमणे ऐकतात आणि पाणीही मराठीतच मागतात.

गेल्या सेमिस्टरला एन्व्हायर्न्मेंटल स्टडीजच्या प्रोजेक्टसाठी आमच्या ग्रुपनं विषय घेतला होता : ‘हवामान बदल आणि तृतीयपंथी व इतर एलजीबीटीक्यूआय समाज’. व्हायवाला आलेल्या एक्स्टर्नल सरांनी फाईल उघडली, विषय वाचला, चष्मा नाकावर खाली ओढला आणि विचारलं, “पाऊस काय माणूस बघून पडतो का? आणि यात सिव्हिलचा संबंध काय?” ग्रुपमधली तिघंही एकदम बुटांकडे बघायला लागली. मी काहीतरी पुटपुटले. मार्क बरे मिळाले, पण उत्तर राहूनच गेलं. हा लेख म्हणजे त्या व्हायवाचं उशिरा केलेलं सबमिशन समजा!

एक रिकामा हंडा

हा विषय मला पुस्तकात सापडला नाही, आमच्या गल्लीत सापडला.

२०२४ चा उन्हाळा. आदल्या वर्षी पावसानं दगा दिला होता आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारनं राज्यातले ४० तालुके दुष्काळी म्हणून जाहीर केले होते. आपल्या छत्रपती संभाजीनगरला (माझी आजी अजून औरंगाबादच म्हणते) पाणी येतं सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या जायकवाडीहून. त्या उन्हाळ्यात नळाला कधी आठ दिवसांनी पाणी यायचं, कधी त्याहून उशिरा. मधल्या दिवसांत टँकर. माझी बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती, म्हणून पाणी भरायची ड्यूटी माझ्याकडे होती. टँकर आला की बायकांची एक रांग आणि पुरुषांची एक, असा आमच्याकडचा अलिखित नियम.

गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या खोलीत एक तृतीयपंथी मावशी भाड्यानं राहतात. त्या दिवशी त्या हंडा घेऊन बायकांच्या रांगेत उभ्या राहिल्या. पुढची एक बाई म्हणाली, “इथं कशाला? तिकडं जा की.” त्या पुरुषांच्या रांगेकडे गेल्या. तिकडे कोणीतरी शिट्टी मारली, दोघं-तिघं हसले. मावशी दोन मिनिटं मधोमध उभ्या राहिल्या आणि रिकामा हंडा घेऊन परत गेल्या. दुपारी दोनची वेळ, मे महिना.

मी काय केलं? काहीच नाही. माझ्या हातात दोन भरलेले कॅन होते. मी घरी आले, मम्मीला सांगितलं. मम्मी म्हणाली, “आपण कशाला मध्ये पडायचं?” मलाही तेच सोयीचं वाटलं. पण तो हंडा डोक्यातून गेला नाही. दीड वर्षांनी प्रोजेक्टच्या निमित्तानं मी पहिल्यांदा त्यांच्या दाराशी गेले आणि घाबरत घाबरत त्या दिवसाबद्दल विचारलं. त्यांना तो दिवस आठवतसुद्धा नव्हता! म्हणाल्या, “पोरी, असं एक दिस झालं असतं तर ध्यानात राहिलं असतं. दवाखान्यात बी दोन लायनी, संडासला बी दोन, पाण्याला बी दोन. आम्ही दोन्हीकडून हाकलल्यालो.”

त्यांच्या ओळखीनं आम्ही आणखी पाच-सहा जणांशी बोललो. एवढ्याला सर्व्हे म्हणता येणार नाही आणि मी म्हणतही नाही. पण वाचलेलं आणि ऐकलेलं एकत्र ठेवल्यावर जे दिसलं, ते पुढे मांडते.

आधी शब्द समजून घेऊ

एलजीबीटीक्यूआय हे लांबलचक नाव ऐकून कँटीनमध्ये हशा पिकतो, म्हणून आधी अर्थ. एल म्हणजे लेस्बियन, स्त्रीकडे ओढ असलेली स्त्री. जी म्हणजे गे, पुरुषाकडे ओढ असलेला पुरुष. बी म्हणजे दोघांकडेही ओढ असणारे. टी म्हणजे ट्रान्सजेंडर, जन्माच्या वेळी मुलगा किंवा मुलगी म्हणून जी नोंद झाली ती ज्यांना स्वतःची वाटत नाही असे. मराठीत त्यांना हल्ली पारलिंगी म्हणतात, आणि आपण ज्यांना तृतीयपंथी म्हणतो ते यातच येतात. क्यू म्हणजे क्विअर, या चौकटींत न बसणाऱ्यांनी स्वतःसाठी घेतलेलं नाव. आणि आय म्हणजे इंटरसेक्स, ज्यांची शरीररचनाच जन्मतः ठरलेल्या दोन साच्यांत बसत नाही.

२०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा स्त्री आणि पुरुष यांच्याशिवाय ‘इतर’ असा पर्याय आला. त्यात देशभरात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची नोंद झाली. त्यांची साक्षरता सुमारे ५६ टक्के होती, तर देशाची ७४ टक्के. बाकीच्यांना, म्हणजे गे, लेस्बियन वगैरेंना, तर कोणी मोजलंच नाही. मित्रांनो, आपण इंजिनिअर लोक. लोड माहीत नसताना बीम डिझाईन करतो का? पण माणसं किती आणि कुठे आहेत हे माहीत नसताना आपण आपत्तीचे प्लॅन मात्र करतो!

पाऊस बदलला म्हणजे नेमकं काय झालं?

मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. सरासरी वार्षिक पाऊस सुमारे ६८० मिलिमीटर. दुष्काळ आपल्याला नवा नाही. १९७२ च्या गोष्टी आजीच्या पिढीनं सांगितल्या, २०१२ चा दुष्काळ आमच्या लहानपणचा. २०१६ साली तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं आणि त्याआधी तिथल्या पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली.

मग नवीन काय? नवीन आहे ते टोकाचं हेलकावणं. फिजिक्समध्ये क्लॉशियस-क्लेपेरॉनचं समीकरण आपण पाठ करून विसरतो. त्याचा साधा अर्थ असा, की हवा १ अंश सेल्सिअसनं तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. म्हणजे पाऊस लांबतो, आणि पडतो तेव्हा एकदम कोसळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले डॉ. रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये हे आपण डोळ्यांनी पाहिलं. ज्या मराठवाड्याची ओळख टँकर, तिथे शेतं खरवडून गेली, जनावरं वाहून गेली, आणि जायकवाडीतून सोडलेल्या पाण्यामुळे गोदाकाठच्या लोकांना घरं सोडावी लागली.

दुष्काळ, उष्णतेची लाट आणि पूर. एकाच जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत. इथपर्यंत सरांचं बरोबर आहे. पाऊस माणूस बघून पडत नाही. पण मदत? ती माणूस बघूनच येते. आता ते बघू.

मदत कुठे अडते?

संकट आलं की मदतीला माणसापर्यंत पोचायला काही दारं ओलांडावी लागतात. तृतीयपंथी आणि बाकी एलजीबीटीक्यूआय माणसं नेमकी या दारांवर अडतात.

१) यादीचं दार. तलाठी पंचनामा करतो तो घराचा आणि शेताचा. तातडीची मदत मिळते ती कुटुंबाला, आणि कुटुंब म्हणजे रेशनकार्ड. ज्या मुलाला पंधराव्या वर्षी घरातून हाकललं, त्याचं नाव एकतर आईबापाच्या कार्डावर राहिलं किंवा कापलं गेलं. गुरू आणि चेले मिळून एका खोलीत पाच जण राहतात, एका चुलीवर जेवतात, पण कागदावर ते कुटुंब नाही. दोन मुली किंवा दोन मुलगे दहा वर्षं संसार करत असले, तरी यादीत ते ‘रूममेट’. आधारवर एक नाव, चेहरा दुसरा, लोक हाक मारतात ते तिसरंच. पुराच्या गडबडीत खिडकीवरचा माणूस हे सगळं ऐकून घेईल का?

२) निवाऱ्याचं दार. पूर आला की लोकांना शाळेत नेतात. एका वर्गात बाया, एका वर्गात पुरुष. मावशींची एक गुरुबहीण गोदावरीकाठच्या गावात राहते. सप्टेंबरच्या त्या पावसात तिनं दोन रात्री देवळाच्या ओवरीत काढल्या. शाळेतून तिला कोणी बाहेर काढलं नव्हतं. ती आत गेलीच नाही. “रातच्याला पुरुषांत कसं झोपू? आन् बायका वरडल्या तर?” एवढंच तिचं उत्तर. रजिस्टर बघितलं तर तिथे भेदभावाची एकही तक्रार सापडणार नाही, कारण जी व्यक्ती आलीच नाही तिची नोंद कुठून होणार?

३) पोटाचं दार. शेतकऱ्याचं नुकसान दिसतं, मोजता येतं. पण बधाई आणि मंगतीवर जगणाऱ्यांचं? दुष्काळ पडला की लग्नं पुढे ढकलतात, बारसं घरातल्या घरात उरकतात, बाजारात गिऱ्हाईक नसतं. दुकानदार म्हणतो, “अजून बोहनी नाही झाली, पुढं चला.” शेतकऱ्याचं उत्पन्न बुडालं की त्याच्या खाली असलेली ही सगळी साखळीच बुडते. पण नुकसानभरपाईच्या फॉर्ममध्ये या धंद्याला रकाना नाही. लोक म्हणतात, मग काम का करत नाहीत? मी एकीला विचारलं. ती म्हणाली, “तुमच्या बांधकामावर ठेवता का?” आमच्या साईट व्हिजिटला मी आजवर एकही तृतीयपंथी कामगार पाहिलेला नाही. मी गप्प बसले.

४) तब्येतीचं दार. भर उन्हात सिग्नलवर उभं राहणं आणि पत्र्याच्या खोलीत झोपणं, दोन्हीकडे ताप. घाम वाळला तरच शरीर थंड होतं आणि घामासाठी पाणी प्यावं लागतं. पण शहरात त्यांना वापरता येईल असं स्वच्छतागृह शोधून सापडत नाही, म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यात हे किती धोक्याचं आहे हे सांगायला डॉक्टर नको. त्यात पारलिंगी स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी स्पायरोनोलॅक्टोनमुळे लघवीचं प्रमाण वाढतं. काही पारलिंगी पुरुष छातीला घट्ट पट्टा बांधतात. ४२ अंशांत तो पट्टा अंगावर असणं म्हणजे काय, याचा आपण विचारही करत नाही.

५) घराचं दार. हे आपल्या होस्टेलशी संबंधित आहे. पूर, पाणीटंचाई किंवा साथ आली की पहिला हुकूम निघतो : होस्टेल रिकामं करा, घरी जा. बहुतेकांना आनंदच होतो. पण ज्या मुलाचं घरी कळलंय आणि बापानं पट्टा काढलाय, त्यानं कुठे जायचं? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अशी किती मुलं चार भिंतींत कोंडली गेली असतील! आपल्या वर्गातही कोणी असेल. आपण चेष्टा करतो म्हणून तो बोलत नाही, इतकंच.

हे फक्त आपल्याकडेच आहे का?

अजिबात नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूतल्या तृतीयपंथींना (तिथे तेव्हा अरवाणी म्हणत) मदतीच्या याद्यांत जागा मिळाली नाही, कारण अनेकांकडे रेशनकार्ड नव्हतं आणि फॉर्ममध्ये दोनच लिंगं होती. २००५ मध्ये अमेरिकेत कतरिना वादळ आलं. टेक्सासमधल्या एका निवाऱ्यात वीस वर्षांच्या एका पारलिंगी तरुणीला बायकांच्या न्हाणीघरात अंघोळ केली म्हणून अटक झाली. वादळातून जीव वाचवून आलेली, माझ्याच वयाची मुलगी, आणि तिचा गुन्हा काय तर अंघोळ! २०१० च्या महापुरात पाकिस्तानातही ओळखपत्र नाही, दिसणं वेगळं, या कारणांनी तृतीयपंथींना छावण्यांबाहेर राहावं लागल्याचं नोंदलं गेलं.

देश वेगळे, धर्म वेगळे, श्रीमंती-गरिबी वेगळी. पण दोष एकच, दोन दारांचं डिझाईन.

पण तामिळनाडूची गोष्ट इथेच संपत नाही. तिथे २००८ मध्ये तृतीयपंथींसाठी देशातलं पहिलं कल्याण मंडळ स्थापन झालं. महाराष्ट्रात असं मंडळ २०२० मध्ये आलं. म्हणजे ठरवलं तर बदल होतो.

कायदा काय म्हणतो?

लॉ आपला विषय नाही, पण तीन-चार गोष्टी प्रत्येकाला माहीत हव्यात. १५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टानं नालसा खटल्यात तृतीय लिंगाला मान्यता दिली आणि संविधानातल्या ‘लिंग’ या शब्दात लिंगओळखही येते, असं सांगितलं. ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही. पण त्यानंतर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं राज्यांना कळवलं, की अशा जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच घरातले समजावं. ही बातमी किती जणांनी वाचली?

आता खरा मुद्दा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ६१ सांगतं, की मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. हे कलम नालसा निकालाशेजारी ठेवून वाचा. म्हणजे मावशींच्या गुरुबहिणीला निवारा मिळणं ही कोणाची मेहेरबानी नाही, तो तिचा हक्क आहे.

आणखी एक गंमत बघा. याच आपत्ती कायद्यानं जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष केले जिल्हाधिकारी. आणि तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांसाठी २०१९ मध्ये जो कायदा झाला, त्यानं ओळख प्रमाणपत्र द्यायचं काम कोणाकडे दिलं? तेही जिल्हाधिकाऱ्यांकडे! म्हणजे पुराची फाईल आणि ओळखपत्राची फाईल एकाच इमारतीत, कदाचित एकाच जिन्यावर आहेत. त्या दोन फायली एकमेकींना भेटल्या तर निम्मा प्रश्न सुटेल. पावसाळ्याआधी नदीकाठच्या गावांची यादी काढतात, गरोदर बायका आणि म्हाताऱ्यांची नोंद करतात. त्यातच एक ओळ वाढवायची आहे. अर्थात ज्यांना नाव द्यायचं आहे त्यांचंच नाव, आणि ते भिंतीवर न चिकटवता.

फक्त बिचारे नाहीत

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, की ही माणसं फक्त मदत घेणारी. तसं नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात तरंगफळ गावानं २०१७ मध्ये ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला थेट सरपंच म्हणून निवडून दिलं. जळगाव जिल्ह्यातल्या भादली गावात अंजली पाटील यांचा ग्रामपंचायतीचा अर्ज महिला म्हणून भरला म्हणून फेटाळला गेला होता. त्या आल्या आपल्या शहरात, मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे. जानेवारी २०२१ मध्ये कोर्टानं त्यांना महिला म्हणून लढायची परवानगी दिली, आणि त्याच महिन्यात त्या निवडूनही आल्या! जालना रोडवरून जाताना हायकोर्टाची इमारत आपण रोज बघतो. मला ही गोष्ट वयाच्या विसाव्या वर्षी कळली, याची लाज वाटली.

आणि सिव्हिलवाल्यांनो, हे खास तुमच्यासाठी. ओडिशातल्या कटक शहरात सेप्टिक टँकमधला मैला शुद्ध करायचा प्लांट चालवायला तृतीयपंथींच्या एका बचत गटाकडे दिला गेला. ज्यांना संडासात जाऊ देत नाहीत, त्यांनी अख्ख्या शहराच्या संडासांची व्यवस्था सांभाळली. आपल्या सिलॅबसमधल्या सीवेज ट्रीटमेंटच्या चॅप्टरला याहून चांगली केस स्टडी कुठली?

आपण काय करू शकतो?

मोठमोठी भाषणं नकोत. इंजिनिअरिंगच्या पोरांना जमतील अशी कामं सांगते.

• निवाऱ्याचं डिझाईन : आपत्तीतल्या मदतीसाठी स्फिअर नावाची आंतरराष्ट्रीय मानकं आहेत. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, झोपायला साडेतीन चौरस मीटर जागा आणि २० माणसांमागे एक संडास. समजा शाळेत २०० माणसं आली. म्हणजे ३,००० लिटर पाणी आणि १० संडास. दहा हजार लिटरचा एक टँकर तीन दिवस पुरतो. आता ते दहा संडास ‘स्त्री’ आणि ‘पुरुष’ अशा दोन ब्लॉकमध्ये बांधण्याऐवजी काही तरी सुटे बांधा, आतून कडी आणि बाहेर दिवा असलेले, कोणालाही वापरता येतील असे. अपंग व्यक्तीला मदतनीस सोबत नेता येईल, लहान मुलीला वडील नेऊ शकतील. खर्च जवळजवळ तोच, सोय सगळ्यांची. एका वर्गात पडदे लावून कुटुंबांसाठी आणि एकट्या माणसांसाठी कोपरे केले, तर तोही प्रश्न सुटतो.

• थंड छत : पत्र्यावर पांढरा चुना किंवा परावर्तक रंग मारला की ऊन परत फेकलं जातं आणि खोली कमी तापते. अहमदाबाद शहरानं २०१३ मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडा केला, तेव्हापासून अशा छतांची चर्चा आहे. एनएसएसच्या एका रविवारी दहा खोल्या सहज होतील. ब्रश आपल्या वर्कशॉपमध्ये पडूनच आहेत.

• कागदपत्रं : आधारमध्ये तृतीय लिंगाचा पर्याय आहे. तृतीयपंथींसाठीचं राष्ट्रीय पोर्टल नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झालं. ज्यांना फॉर्म ऑनलाईन भरता येत नाही, त्यांच्याशेजारी बसून मदत करा. ॲडमिशनच्या कॅप राउंडला आपण किती फॉर्म भरले, आठवा! फक्त पावसाळ्याच्या आधी करा. पाणी घरात शिरल्यावर ओटीपी येत नाही.

• भाषा : नाव काय आणि काय म्हणून हाक मारू, एवढं विचारा. मावशी, ताई, दादा, जे सांगतील ते. आणि कोणी विश्वासानं स्वतःबद्दल काही सांगितलं, तर ते व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. एखाद्याचं घर सुटायला तेवढं पुरतं.

• होस्टेल : ‘सगळ्यांनी घरी जा’ या नोटिशीखाली एक ओळ असावी : ज्यांना जाणं शक्य नाही त्यांनी रेक्टरना खाजगीत भेटावं. कारण विचारू नये.

पुन्हा आमची गल्ली

यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मम्मीसोबत मी गेले. तिळगूळ वाटून झाल्यावर धीर करून विषय काढला. तृतीयपंथी वगैरे शब्द वापरलाच नाही. म्हटलं, उन्हाळ्यात टँकर आले तर दोन रांगांऐवजी घर नंबरप्रमाणे पाणी घेऊ, म्हणजे भांडणं होणार नाहीत. सगळ्यांना पटलं. मग एक काकू म्हणाल्या, “घर नंबरप्रमाणे म्हणजे त्या टोकाच्या खोलीचा पण नंबर आला.” सगळ्या गप्प. माझ्या पोटात गोळा आला. मम्मीच म्हणाली, “आला तर आला. ते काय पाणी पीत नाहीत?”

आश्चर्य म्हणजे कोणी वाद घातला नाही. त्या दिवशी सगळ्यांना हे मनापासून पटलं असं मी म्हणणार नाही. एक-दोघींची तोंडं वाकडी झालेली मी पाहिली. वाण देताना मावशींची आठवण मलाही झाली नाही, हेही खरं. पण यादी माझ्या हातानं लिहिली गेली. तेवीस घरं, आणि तेविसावं त्यांचं. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं तर त्यांनी आधी विश्वासच ठेवला नाही. मग म्हणाल्या, “तेवीस म्हंजे लईच शेवटी की गं!” आणि हसल्या. खरंच की! आता दर वेळी नंबर उलटे फिरवायचे, एकदा एकपासून आणि एकदा तेवीसपासून, असं ठरवून घ्यायचं आहे. ते अजून बाकी आहे. टँकर सुरू झाले की यादी कितपत चालते, ते कळेलच.

सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आता देते. पाऊस माणूस बघून पडत नाही, हे बरोबर. पण पाणी वाटायची रांग, निवाऱ्याची खोली, संडासाचं दार आणि मदतीची यादी माणूस बघून चालते. आणि रांग, खोली, दार, यादी यांतलं काहीच आभाळातून पडत नाही. ते सगळं कोणीतरी आखलेलं असतं. सिव्हिलचा संबंध इथे आहे, सर.